ग्रासकटर हातात देण्याआधी

पावसाचा जोर ओसरला, गवत कमरेला लागलं की रत्नागिरी, राजापूर, देवगडकडच्या आंबाबागांत बेणणी, म्हणजे गवत-झुडपांची सफाई, सुरू होते. पूर्वी हे काम कोयती-विळ्याचं होतं. आता बहुतेक बागांत ग्रासकटर, म्हणजे खांद्याला पट्ट्याने अडकवायचं, लांब दांड्याच्या टोकाला फिरतं ब्लेड असलेलं यंत्र आलं आहे, त्याच्या जोडीला मोठ्या दाबाने फवारणी करणारा एचटीपी पंप, कुठे चेनसॉ (साखळीची करवत), विहिरीवर मोटार. लहानशा वर्कशॉपमध्ये असावी इतकी यंत्रसामग्री एका मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, असते. वर्कशॉपमध्ये नवा मुलगा आला तर त्याला निदान चार दिवस कुणाच्या तरी हाताखाली ठेवतात. बागेत मात्र सकाळी आलेल्या गड्याच्या खांद्यावर नऊ वाजता पट्टा चढतो आणि सव्वानऊला तो गवतात असतो.

याचं कारण साधं आहे. मशीन विकत घेणारा एक, चालवणारा दुसरा. दुकानदार जे काही समजावतो ते बागायतदाराला. पुस्तिका इंग्रजीत किंवा हिंदीत, ती घरी कपाटात. बागेत पोचतं ते फक्त मशीन. त्यात आपल्याकडचं काम हंगामी. जानेवारीत ठेवून दिलेला ग्रासकटर थेट ऑगस्टमध्ये बाहेर निघतो आणि त्याच सुमाराला गावाहून परतलेला किंवा पहिल्यांदाच आलेला माणूस कामावर उभा राहतो. मशीनला खारी हवा लागलेली, माणसाचा हात बसलेला नाही. बागेतल्या यंत्रांचं शिक्षण हंगामाच्या पहिल्याच दिवशी, बागेतच आणि ज्याच्या हातात मशीन जाणार आहे त्यालाच दिलं पाहिजे, हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. त्याला दोन तास लागतात. ते मजुरीतच धरावेत. तास कापून घेतले तर माणूस शिकायला नाही, संपवायला उभा राहतो.

पहिला तास मशीन बंद ठेवूनच. इंजिनाला ठिणगी देणाऱ्या प्लगची टोपी काढून ठेवायची आणि मशीन सपाट जागी आडवं ठेवून खालपासून वरपर्यंत बघायचं.

सुरुवात ब्लेडपासून. १० इंची, म्हणजे २५५ मिलिमीटरचं ब्लेड मिनिटाला ७००० फेऱ्यांनी फिरतं तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी ३३५ किलोमीटरच्या आसपास जातो. हा आकडा नव्या माणसाला जरूर सांगावा, कारण गवत कापताना ते ब्लेड इतकं सहज चालतं की त्यातली ताकद डोळ्यांना दिसत नाही. ब्लेडवर तडा शोधायचा तो दोन ठिकाणी: दातांच्या बेचक्यात आणि मधल्या भोकाच्या कडेला. तडा गेलेलं किंवा वाकलेलं ब्लेड फेकायचं. गॅरेजवर नेऊन वेल्डिंग मारायचं नाही, हातोड्याने सरळ करायचं नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचं पोलाद ठिसूळ होतं आणि पुढचा तडा तिथूनच जातो. ब्लेडचे पैसे वाचवायला ही जागा नव्हे.

मग ब्लेड काढून पुन्हा बसवणं. हे प्रत्येकाने स्वतःच्या हाताने केलंच पाहिजे, कारण सर्वाधिक चुका इथे होतात. गिअर हेडच्या, म्हणजे ब्लेड जिथे बसतं त्या डोक्याच्या, बाजूला एक भोक असतं. त्यात अॅलन की किंवा सोबत आलेली पिन घालून ब्लेड हळूहळू फिरवायचं. पिन आत उतरली की शाफ्ट अडकतो. नटाला आटा उलटा असतो. आपल्या नेहमीच्या सवयीने फिरवला तर तो सुटत नाही, उलट आवळत जातो. मग माणूस पान्यावर पाइप लावून जोर करतो आणि आटा मरतो. खालून बघताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की नट सुटतो. बसवताना वरची वॉशर, मग ब्लेड, खालची वॉशर, वाटीसारखी टोपी आणि शेवटी नट. वरच्या वॉशरला मध्ये एक उंचवटा असतो. ब्लेडचं भोक त्या उंचवट्यावर नेमकं बसलं पाहिजे. किंचित बाजूला राहिलं तरी नट आवळला जातो आणि वरून सगळं बरोबर दिसतं. मशीन सुरू झाल्यावर हाताला थरथर जाणवते, दहा-पंधरा मिनिटांत नट सैल होतो. ‘मशीन आज जास्त हलतंय’ असं गडी म्हणाला की पहिला संशय इथे घ्यावा. नटाच्या आत नायलॉनची कडी असेल तर ती घासत जाते. नट हाताने सहज फिरू लागला की बदलायचा.

कोणत्या गवताला कोणतं ब्लेड, हेही तिथेच सांगावं. उंच, जाड, मोकळ्या जागेतल्या गवताला तीन पात्यांचं. झुडपं, रानटी रोपं असतील तर गोल, दातेरी. दातांच्या टोकाला कठीण धातूचा तुकडा (टिप) लावलेलं ४० किंवा ८० दातांचं ब्लेड छान कापतं, पण आपल्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, त्याचा एक धोका आहे: गवताखाली जांभ्याचा खडा लागला की टिप निखळते आणि गोळीसारखी सुटते. खडकाळ भागात ते लावूच नये. गडग्याच्या (दगडी बांधाच्या) कडेने, कलमाच्या बुंध्याजवळ आणि काटेरी तारेच्या कुंपणाशी ब्लेडऐवजी नायलॉनची दोरी वापरावी, साधारण २.४ मिलिमीटरची. दोरी लवकर झिजते म्हणून काही जण त्या जागी ब्रेकची केबल किंवा बारीक तार लावतात. तारेचा तुटलेला तुकडा थेट मांसात घुसतो. असं मशीन दिसलं की काम तिथल्या तिथे थांबवायचं, यात दुमत नको.

आता गार्ड, म्हणजे ब्लेडमागचं संरक्षक झाकण. बागेतल्या निम्म्या ग्रासकटरना गार्ड नसतो म्हटलं तर कोणी फारसं अडवणार नाही. गवत अडकतं, ब्लेड दिसत नाही, वजन वाढतं म्हणून तो काढून टाकतात. ‘काढू नका’ एवढ्याने काम भागत नाही, कारण दाखवावं लागतं. चालवणाऱ्याच्या बाजूने वरून बघितलं तर ब्लेड घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरतं. म्हणजे त्याची डावी कड पुढून मागे, चालवणाऱ्याकडे येत असते, आणि आपण कापतो ते मुख्यतः त्याच कडेने. त्या कडेला लागलेला खडा मागेच येणार, नडगीवर नाहीतर तोंडावर. गार्ड त्या वाटेत उभा असतो. हे प्लग काढलेल्या मशीनवर ब्लेड हाताने फिरवून दाखवलं की कुणालाही कळतं. नायलॉन दोरीच्या गार्डला आणखी एक काम असतं. त्याला लहानसं पातं असतं, ते जास्तीची दोरी कापतं. गार्ड काढला की दोरी लांबत जाते, इंजिनवर भार येतो, क्लच तापतो. म्हणजे गार्ड काढून मशीनचंही नुकसानच. ब्लेडचा गार्ड आणि दोरीचा गार्ड काही मॉडेलमध्ये वेगळे असतात, तेही तपासून घ्यावं.

पट्टा नीट लावणं हा वेळ खाणारा भाग आहे, पण पाठ त्यावरच अवलंबून असते. पट्टा अंगावर घालून मशीन अडकवल्यावर दोन्ही हात सोडायचे. ब्लेड जमिनीपासून थोडं वर, आडवं तरंगलं पाहिजे. टोक जमिनीवर पडत असेल किंवा वर उचलत असेल तर दांड्यावरची अडकवायची कडी पुढे-मागे सरकवायची. उंच माणसाने वापरलेला पट्टा ठेंगण्या माणसाला तसाच दिला तर तो दिवसभर हातांनी वजन पेलतो आणि दुपारनंतर ब्लेड जमिनीला घासायला लागतं. पट्ट्याला ओढून एका झटक्यात सुटणारी कडी असते. मशीनला आग लागली किंवा माणूस घसरला तर तीच कामाची. ती डोळे मिटून सापडली पाहिजे. खाऱ्या हवेत या कड्या गंजून अडकतात, म्हणून हंगामाच्या सुरुवातीला तेल देऊन दहा-वीस वेळा उघडझाप करून बघावी.

पेट्रोल. टू-स्ट्रोक इंजिनला टूटी (2T) ऑइल मिसळलेलं पेट्रोल लागतं. फोर-स्ट्रोकला साधं पेट्रोल आणि इंजिनात वेगळं ऑइल. एकाच मांगरात दोन्ही प्रकारची मशीनं असली की गोंधळ ठरलेला. साधं पेट्रोल टू-स्ट्रोकमध्ये गेलं तर पिस्टनला वंगण मिळत नाही आणि थोड्याच वेळात इंजिन जाम होतं. मिसळलेलं पेट्रोल फोर-स्ट्रोकमध्ये गेलं तर धूर आणि काळा पडलेला प्लग. दोन कॅन दोन रंगांचे ठेवावेत आणि मशीनच्या टाकीच्या झाकणावर त्याच रंगाचा ठिपका द्यावा. वाचता न येणाऱ्यालाही ते कळतं. ५० ला १ प्रमाण असेल तर लिटरला २० मिली, २५ ला १ असेल तर ४० मिली ऑइल. कुठलं प्रमाण ते मशीनच्या आणि ऑइलच्या सूचनेप्रमाणे ठरवून कॅनवरच रंगवून टाकावं. मिश्रण महिनाभरात संपेल इतकंच करावं. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते आपल्या दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की ते इथेनॉलसह तळाशी वेगळं होतं. जुनं पेट्रोल टाकीत ठेवून सहा महिन्यांनी सुरू करायची दोरी खेचली तर मशीन सुरू न होण्याचं हे एक मोठं कारण. ठेवून देताना टाकी रिकामी करावी आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं, म्हणजे कार्बोरेटरही रिकामा होतो.

पाण्याच्या बाटलीत पेट्रोल कधीच नको. तहानलेला माणूस ती तोंडाला लावतो. टाकी भरताना इंजिन बंद, थोडं गार झालेलं, विडी दूर. आणि भरलेल्या जागेपासून तीन मीटर बाजूला जाऊन मग सुरू करायचं.

दुसरा तास मशीन चालू करून. त्याआधी अंगावर काय हवं ते बघून घ्यायचं: घोट्याच्या वरपर्यंत येणारे गमबूट, जाड पॅंट, नडगीला गार्ड, हातमोजे, कानांना मफ, डोळ्यांना बंद गॉगल आणि त्यावर जाळीचा पडदा. जाळी घामाने धूसर होत नाही, म्हणून ती लोकांना आवडते, पण बारीक कण जाळीतून आत येतात. म्हणून गॉगल हवाच. लुंगी नको, गळ्यातला पंचा नको. गमबुटांचा आणखी एक उपयोग आपल्याकडे वेगळ्याने सांगावा लागत नाही: जांभ्याच्या दगडांखाली फुरसं, हा विषारी साप, असतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात हे सगळं अंगावर घालून माणूस शिजतो, हेही खरं. त्यावर उपाय साधनं काढून टाकणं नाही, वेळा बदलणं आहे. सकाळी लवकर सुरुवात, दुपारी मशीन बंद, चारनंतर पुन्हा. आणि एक टाकी, एक माणूस हा नियम. टाकी संपायला साधारण तासभर लागतो. ती संपली की त्या माणसाने मशीन ठेवायचं, पाणी प्यायचं, हात झाडायचे. दुसरा असेल तर त्याने पट्टा घालायचा. दिवसभराच्या थरथरीने बोटं बधिर होतात, आणि बधिर बोटांना थ्रॉटल (इंजिनाचा वेग वाढवायचा खटका) सुटला की धरलेला आहे ते समजत नाही.

सुरू करताना मशीन जमिनीवर, ब्लेडखाली गवत-खडे काही नाहीत, माणूस डाव्या हाताने दांडा दाबून धरतो, उजव्याने दोरी. इंजिन गार असेल तर चोक लावायचा. एकदा खोकल्यासारखा आवाज आला की चोक काढायचा. चोक तसाच ठेवून खेचत राहिलं तर प्लग भिजतो. काही मशीनमध्ये सुरुवातीला थ्रॉटल अर्ध्यावर अडकवायची सोय असते. तशा वेळी इंजिन लागताच ब्लेडही फिरायला लागतं. ज्याला हे माहीत नाही तो दचकतो आणि मशीन उचलतो. म्हणून पहिल्यांदा हे दाखवून करावं.

मग सगळ्यात महत्त्वाची तपासणी. थ्रॉटल पूर्ण सोडला की इंजिन चालू असताना ब्लेड थांबलं पाहिजे. फिरत राहिलं तर आयडलचा, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावरचा वेग ठरवणारा, स्क्रू थोडा सैल करायचा. तरीही फिरत असेल तर क्लचची स्प्रिंग तुटलेली किंवा ताणलेली आहे. असं मशीन त्या दिवशी वापरायचं नाही. गडी चालताना, वळताना, कुणाशी बोलताना थ्रॉटल सोडतो आणि ब्लेड थांबलं असं धरून चालतो. ते थांबलं नसेल तर पुढचा पाय कोणाचाही असू शकतो.

कापायचं कसं, हे घड्याळाच्या तबकडीवरून सांगितलं की लवकर समजतं. ब्लेडचा वरचा, सरळ पुढचा बिंदू म्हणजे १२. कापायचं ८ ते ११ या भागाने, म्हणजे डाव्या कडेने, उजवीकडून डावीकडे झुलवत. १२ ते ३ या भागात खुंट, दगड किंवा बुंधा लागला की मशीन झटक्याने उजवीकडे आणि मागे फेकलं जातं. त्या झटक्याला हाताची ताकद पुरत नाही. काजूचे जुने खुंट गवतात लपलेले असतात, कातळाची उंचवट्याची टोकं असतात. म्हणून कापायच्या आधी पट्टा न घालता, हातात काठी घेऊन तो तुकडा एकदा चालून यायचं. तारेचे तुकडे, बाटल्या, सुटे खडे उचलायचे. जे उचलता येत नाही त्याच्यावर काठी रोवून चिंधी बांधायची. अर्ध्या एकराला हे पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. दुपारी तुटलेलं ब्लेड बदलायला याहून जास्त वेळ जातो.

उतारावर आडवं चालायचं, सरळ वर किंवा खाली नाही. कातळावर शेवाळ ओलं असेल तोवर तो भाग सोडून द्यायचा.

माणसांमधलं अंतर किमान १५ मीटर. मीटर कुणी मोजत बसत नाही. जुन्या पद्धतीची बाग असेल तर कलमं दहा दहा मीटरवर असतात, मग नियम असा करायचा: चालू मशीनपासून दोन कलमं सोडून पलीकडे. गवत गोळा करणाऱ्या बायकांना, चहा घेऊन येणाऱ्या पोराला, सगळ्यांना हाच नियम. कानांवर मफ असलेल्या माणसाला हाक ऐकू येत नाही, त्यामुळे मागून जाऊन खांद्याला हात लावणं सगळ्यात वाईट. तो मशीनसकट वळतो. समोरून, लांबून, दोन्ही हात वर करून उभं राहायचं. त्याने थ्रॉटल सोडला, इंजिन बंद केलं, मग पुढे जायचं.

ब्लेडला वेल किंवा दोरी गुंडाळली तर इंजिन बंद, प्लगची टोपी काढलेली, मगच हात. ‘नुसतं थ्रॉटल सोडून पटकन काढतो’ यात बोटं जातात.

शिकवून झालं की ‘समजलं ना?’ विचारू नये. उत्तर ‘हो’ असंच येतं. आपल्या बागांत नेपाळी गडी बरेच असतात; त्यांचं हिंदी कामापुरतं, आपलंही तसंच. तोंडी उत्तरावर विसंबण्यापेक्षा करायला लावावं. चार गोष्टी नजरेसमोर करून दाखवल्या की मशीन त्याच्या ताब्यात: ब्लेड काढून बसवणं, न बघता स्टॉप स्विच दाबणं आणि पट्ट्याची कडी सोडणं, थ्रॉटल सोडून ब्लेड थांबतं का ते तपासणं, आणि झुलवत कापताना अचानक समोर हात वर झाला की थांबणं. यातली चौथी गोष्ट दोन-तीनदा करून घ्यावी, कारण गवतावर नजर खिळलेल्या माणसाला समोरचं दिसत नाही आणि अधूनमधून मान वर करायची सवय लावावी लागते. आधीपासून काम करणारा नेपाळी गडी असेल तर त्यालाच शिकवायला उभं करावं. आपल्या भाषेत आपल्याच माणसाने सांगितलेलं राहतं.

एचटीपी पंपाचं शिक्षण वेगळं, आणि तो डिसेंबर-जानेवारीत मोहोराच्या फवारण्या सुरू होण्याआधी. इंजिनावरून पंप फिरवणाऱ्या पट्ट्यावरची जाळी लावलेली हवी. सदऱ्याची बाही आणि ओढणीचं टोक तिथेच ओढलं जातं. हा पंप चौरस सेंटिमीटरला २० ते ३० किलो दाब सहज देतो. पाइपला बारीक भोक पडलं असेल तर ते हाताने चाचपून शोधायचं नाही. त्या दाबाची धार कातडीच्या आत औषध घुसवू शकते, वरून फक्त टाचणी टोचल्यासारखं दिसतं. पुठ्ठ्याचा तुकडा पाइपच्या कडेने फिरवायचा, जिथे ओला होईल तिथे गळती. पाइपचे जोड तारेने बांधायचे नाहीत, क्लिपच वापरायच्या. जोड उघडण्याआधी इंजिन बंद आणि गन दाबून उरलेला दाब सोडणं, हे दरवेळी. पिंपातली जाळी गाळाने भरली की पंप कोरडा चालतो आणि आतली सील जळतात, तेव्हा दर पिंपाला जाळी धुवावी. पेट्रोल इंजिनचा पंप पाऊस आला म्हणून बंद मांगरात ओढून तिथेच चालवत ठेवणं फार धोक्याचं आहे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. मोटारीवरचा पंप असेल तर पेटीत ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवं आणि त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघायला हवं. जांभ्यात अर्थिंग उन्हाळ्यात कोरडं पडतं, खड्ड्यात पाणी घालत राहावं लागतं.

बागेवरून वीजवाहिनी जात असेल तर मी बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तीच दाखवतो. फवारणीचा लांब दांडा आणि आंबे उतरवायचा झेला, दोन्ही वर बघत बघत हलवले जातात, पण नजर फांदीवर असते, तारेवर नसते. अॅल्युमिनियमचा दांडा ११ हजार व्होल्टच्या तारेजवळ गेला की संपलं. ओला बांबूही सुरक्षित नाही. तारेपासून सगळ्या बाजूंनी किमान तीन मीटर मोकळं सोडायचं, आणि हे अंतर दांड्याच्या टोकापासून मोजायचं, माणसापासून नाही. त्या रांगेतल्या कलमांच्या बुंध्यांना लाल रंगाचा पट्टा मारून ठेवावा. ज्या फांद्या तारेत शिरल्यात त्यांची छाटणी आपण करायची नाही, महावितरणला १९१२ वर कळवून लाइन बंद करून घ्यायची. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला देठासकट फळ काढायला उत्तम आहे, पण दांडा कुठला जोडायचा हे आपल्या हातात असतं. तारेच्या आसपासच्या झाडांना कोरडा बांबूच.

चेनसॉबद्दल थोडक्यात: ग्रासकटर चालवता येतो म्हणून कुणाच्याही हातात चेनसॉ द्यायचा नाही. जुन्या कलमांच्या पुनरुज्जीवनाची छाटणी हे अनुभवी माणसाचं काम आहे. शिडीवर उभं राहून नाही, खांद्याच्या वर नाही, एका हाताने नाही. साखळी जिच्यावर फिरते त्या पट्टीच्या टोकाच्या वरच्या भागाने लाकडाला स्पर्श झाला की करवत तोंडाकडे उसळते. साखळी थांबवणारा चेन ब्रेक चालतो का हे दर सकाळी बघता येत नसेल तर ती करवत भाड्याने आणायची, माणसासकट.

आता व्यवस्थेचं. प्रत्येक मशीनला रंगाने क्रमांक द्यावा. शंभर पानी वही पुरते: तारीख, मशीन क्रमांक, कोणी घेतलं, किती टाक्या चालवलं, काय बिघडलं. टाक्यांचा हिशेब ठेवला की तास आपोआप कळतात. दर २५ टाक्यांना गिअर हेडमध्ये ग्रीस, प्लग काढून साफ करून फट ०.६ ते ०.७ मिलिमीटर, एअर फिल्टर रोज झाडायचा आणि फोमचा असेल तर आठवड्याला साबणाच्या पाण्याने धुवून पूर्ण वाळवून बसवायचा. धार लावताना प्रत्येक पात्याला कानस सारख्याच वेळा फिरवायची, नाहीतर एक बाजू हलकी होऊन ब्लेड थरथरतं. बिघडलेल्या मशीनला लाल चिंधी बांधून प्लगची टोपी काढून वेगळी ठेवायची. नुसतं ‘ते घेऊ नको’ असं सांगितलेलं दुसऱ्या दिवशीच्या माणसापर्यंत पोचत नाही. मांगराची किल्ली एकाकडेच. मुकादम असेल तर मुकादमाकडे. दोन जादा ब्लेड, दोन नट, एक प्लग, एक फिल्टर, नायलॉन दोरीचं रीळ आणि ग्रीसची ट्यूब डब्यात असली की ‘आजचा दिवस असंच चालवू’ म्हणायची वेळ येत नाही.

ठेकेदार स्वतःची मशीनं आणि माणसं घेऊन येतो तेव्हा बागायतदार निश्चिंत होतो. तिथेच थांबून गार्ड, ब्लेड आणि थ्रॉटल सोडल्यावर ब्लेड थांबतं का, एवढ्या तीन गोष्टी आपल्या डोळ्यांनी बघाव्यात, न पटल्यास परत पाठवावं. अपघाताची जबाबदारी ठेकेदारावर ढकलून मोकळं होता येतं हा समज चुकीचा आहे. यांत्रिक साधनांनी शेतीकाम करणाऱ्या मजुराचा समावेश १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टातच होता. दुसरीकडे, राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना आहे ती खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्यासाठी. मजुरीवर आलेला गडी त्यात बसत नाही. त्याच्यासाठी वेगळा अपघात विमा उतरवावा. त्याचं नाव, गावचा पत्ता आणि घरच्यांचा फोन वहीच्या पहिल्या पानावर असावा. रक्तगट माहीत असेल तर तोही.

त्याच पानावर १०८, जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा नंबर आणि बागेत गाडी कुठल्या वाटेने येते ते लिहावं. सड्यावरच्या बागा रस्त्यापासून आत असतात, फोनवर वाट सांगताना घाबरलेल्या माणसाला शब्द सुचत नाहीत. डब्यात जाड पट्ट्या आणि स्वच्छ कापड भरपूर हवं. ग्रासकटरची जखम खोल आणि फाटलेली असते. ती धुवत न बसता घट्ट दाबून धरायची आणि निघायचं. डोळ्यात काही गेलं असेल तर चोळायचं नाही, खुपसलेलं काही असेल तर काढायचं नाही, वर वाटी झाकून थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे. फुरसं चावलं तर पाय न हलवता, घट्ट दोरी न बांधता सरकारी दवाखान्यात, जिथे सर्पदंशावरची लस आहे हे आधीच चौकशी करून ठेवलेलं आहे.

हे दोन तासांचं शिक्षण पुन्हा कधी करायचं? मशीन बदललं की, माणूस महिनाभर सुट्टीवर जाऊन आला की, आणि काही घडता घडता राहिलं की. तिसरं बहुतेक वेळा कळतच नाही, कारण गडी ते सांगत नाही. पगार कापतील, ओरडतील अशी भीती असते. तुटलेलं ब्लेड, फुटलेला गॉगल घेऊन जो स्वतःहून येईल त्याला ओरडा बसणार नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगावं आणि पहिला माणूस तसा आला की ते पाळून दाखवावं. फुटलेला गॉगल त्याच दिवशी नवा द्यावा. त्या आठवड्यात बाकीच्यांचेही गॉगल तपासून घ्यावेत.